मैदानास नाव कोणाचे?

गेल्या जुलै महिन्यातील गोष्ट आहे. नववीच्या वर्गात व्याकरणाचा तास चालू होता. मुले विशेषनामाची उदाहरणे एकामागून एक देत होती, आणि गंगा, हिमालय, ग्वाल्हेर ही नेहमीची नावे संपल्यावर एका मुलाने 'कॅप्टन रूपसिंह स्टेडियम' असे उत्तर दिले. उदाहरण बिनचूक होते. परंतु हे कॅप्टन रूपसिंह कोण, असे आम्ही सहज विचारले मात्र, वर्गात एकदम शांतता पसरली. मग एकाने धीर करून सांगितले, की ते क्रिकेटच्या संघाचे कप्तान असावेत. दुसऱ्याने त्यांस १८५७ च्या रणधुमाळीत नेऊन सोडले. तिसऱ्याच्या मते ते कारगिलच्या युद्धातील वीर होते. अखेर मागील बाकावरील एका मुलीने, "हॉकी खेळायचे ना ते?" असे हळूच विचारले. तिची थोरली बहीण हॉकी खेळते, म्हणून तिला एवढे ठाऊक.

मुलांस हसण्याचा अधिकार आम्हांस मुळीच नाही. दहा वर्षांपूर्वी गोव्याहून या शहरी येऊन स्थायिक झालो, तेव्हा आमचीही समजूत त्या पहिल्या मुलासारखीच होती. सचिन तेंडुलकरांच्या द्विशतकामुळे या स्टेडियमचे नाव कानांवर आले होते. आणि ज्या मैदानावर अशी खेळी झाली, त्यास एखाद्या क्रिकेटपटूखेरीज दुसऱ्या कोणाचे नाव असणार, असे आम्ही गृहीत धरून चाललो होतो. खरी हकीकत कळली तेव्हा मनास शरम वाटली. तिचाच थोडासा निचरा या लेखात करावयाचा आहे. दुसरेही एक निमित्त आहे. आपल्या शाळेच्या मैदानास नाव द्यावे, असा विचार यंदा चालू झाला असून विद्यार्थ्यांकडूनही सूचना मागविण्यात आल्या आहेत. तेव्हा मैदानांस नावे कशी मिळतात आणि मिळाल्यावर त्या नावांचे पुढे काय होते, याचा विचार वेळीच केलेला बरा.

प्रथम रूपसिंहांविषयी. त्यांचा जन्म १९०८ साली जबलपूर येथे झाला. हॉकीचे जादूगार म्हणून ज्यांची ख्याती, त्या मेजर ध्यानचंदांचे हे धाकटे बंधू. थोरले बंधू इंग्रजांच्या फौजेत, तर धाकटे ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेत; येथेच ते कॅप्टनच्या हुद्द्यास पोहोचले, आणि १९७७ च्या डिसेंबरात याच शहरी त्यांचे देहावसान झाले. १९३२ साली लॉस एंजलिसच्या ऑलिम्पिकसाठी त्यांची निवड झाली, तेव्हा परदेशी जाण्याजोगे धड कपडे नाहीत म्हणून हे गृहस्थ जावयासच तयार नव्हते, आणि अखेर थोरल्या भावाने पदरमोड करून त्यांस कपडे घेऊन दिले, असे सांगतात. त्या कपड्यांचे पैसे त्यांनी कसे फेडले ते पाहावे. ११ ऑगस्ट १९३२ रोजी भारताने अमेरिकेचा २४–१ असा पराभव केला. त्या २४ गोलांपैकी १० गोल एकट्या रूपसिंहांचे होते, ८ ध्यानचंदांचे. त्याआधी जपानवर ११–१ असा विजय मिळाला होता. म्हणजे दोन सामन्यांत मिळून ३५ गोल, आणि त्यांतील २५ या दोघा भावांनी केलेले! त्या स्पर्धेत हॉकीचे तीनच संघ उतरले होते, आणि अमेरिकेचा संघ या खेळात अगदीच नवखा होता, हेही सांगावयास हवे; नाहीतर आमच्यावर अतिशयोक्तीचा आरोप यावयाचा. परंतु चार वर्षांनी बर्लिन येथे, १५ ऑगस्ट १९३६ रोजी, यजमान जर्मनीचा ८–१ असा धुव्वा उडाला तेव्हा प्रतिपक्ष नवखा नव्हता, आणि सुवर्णपदक जिंकणाऱ्या त्या संघातही रूपसिंह होते. धाकटा आपल्याहून सरस खेळतो, असे खुद्द ध्यानचंदच म्हणत. २०१२ साली लंडन येथे ऑलिम्पिक भरले, तेव्हा तेथील भुयारी रेल्वेच्या एका विशेष नकाशात स्थानकांस जगभरच्या ऑलिम्पिक खेळाडूंची नावे देण्यात आली होती. त्यांत ध्यानचंद, रूपसिंह आणि लेस्ली क्लॉडियस हे तीन भारतीय हॉकीपटू होते. म्हणजे लंडनच्या उतारूने ते नाव नकाशात वाचले असेल. आमच्या नववीच्या वर्गात मात्र ते एका मुलीखेरीज कोणास ठाऊक नव्हते.

याचा दोष मुलांच्या माथी मारता येत नाही. हे स्टेडियम मूळचे हॉकीचे. पुढे ते क्रिकेटचे झाले, आणि २२ जानेवारी १९८८ रोजी भारत व वेस्ट इंडिज यांच्यामधील एकदिवसीय सामना येथे झाला. त्यानंतर रूपसिंह हे नाव जगभर गेले, पण ते धावफलकाबरोबर गेले. जेथे स्टिकचा आवाज घुमावयाचा, तेथे बॅटचा घुमू लागला. हॉकीपटूच्या नावाच्या वास्तूत हॉकीलाच जागा उरली नाही. २४ फेब्रुवारी २०१० रोजी तेंडुलकरांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १४७ चेंडूंत नाबाद २०० धावा केल्या आणि पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधील पहिले द्विशतक या भूमीवर नोंदले गेले. मराठी माणसास त्याचा अभिमान वाटावा यात नवल नाही, आम्हांसही वाटतो. परंतु त्या दिवशी स्टेडियमात बसलेल्या हजारो प्रेक्षकांपैकी किती जणांस रूपसिंहांचे ते १० गोल आठवले असतील?

जाता जाता एक गंमत सांगितली पाहिजे. एकदिवसीय क्रिकेटमधील अगदी पहिले द्विशतक त्याहूनही जुने आहे, आणि ते एका स्त्रीचे आहे. ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्क हिने १९९७ साली डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा काढल्या, त्या मुंबईत, वांद्र्याच्या एम.आय.जी. मैदानावर. एम.आय.जी. म्हणजे 'मध्यम उत्पन्न गट'. भोवती त्या गटासाठी बांधलेली वसाहत, म्हणून मैदानासही तेच नाव! कोणा राजाचे नव्हे, मंत्र्याचे नव्हे, तर एका उत्पन्नगटाचे. आमच्यासारख्या मध्यम उत्पन्नाच्या शिक्षकास हे नाव फार आवडते.

मुंबईचाच विषय निघाला आहे, तर तेथील दोन मोठ्या स्टेडियमांची कथा मुलांनी ऐकण्याजोगी आहे. ब्रेबॉर्न आणि वानखेडे ही दोन्ही स्टेडियमे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. पहिले १९३७ साली उघडले. समुद्र हटवून मिळविलेली जमीन सरकारकडून स्वस्तात पदरी पडावी म्हणून क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे चिटणीस अँथनी डिमेलो गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांच्याकडे गेले आणि सरकारी खजिन्यात पैसा हवा, की स्वतःस अमरत्व हवे, असा सवाल त्यांनी साहेबांस केला, अशी आख्यायिका आहे. साहेबांनी अमरत्व पसंत केले. डिमेलो हे गृहस्थ मोठे चतुर असले पाहिजेत. परंतु ते अमरत्व कसले, ते पाहा. लॉर्ड ब्रेबॉर्न १९३९ साली वारले. आज त्यांच्या नावाच्या स्टेडियमात जाणाऱ्यांपैकी शंभरात एकासही हा मनुष्य कोण, कोठला, त्याने काय केले, हे सांगता येणार नाही. उरली ती चार अक्षरे.

वानखेडे स्टेडियमचा जन्म भांडणातून झाला. मुंबईची क्रिकेट संघटना आणि ब्रेबॉर्नची मालक असलेली क्लब यांच्यात सामन्यांच्या जागांच्या वाटपावरून वर्षानुवर्षे धुसफूस चालू होती. अखेर संघटनेने आपले वेगळे स्टेडियम बांधावयाचे ठरविले. शेषराव वानखेडे यांनी ते मनावर घेतले आणि जेमतेम वर्षभरात ते उभे करून दाखविले. जानेवारी १९७५ मध्ये तेथे वेस्ट इंडिजविरुद्धचा कसोटी सामनाही झाला. वानखेडे हे राजकारणी, महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष. खेळाडू म्हणून त्यांचे नाव कोणी घेत नाही. परंतु ज्याने वास्तू उभी केली, तिला त्याचे नाव मिळाले, यात अन्याय झाला असे आम्हांस वाटत नाही. लंडनच्या लॉर्ड्‌सचेही असेच आहे. मुलांस वाटते, की तेथे सरदार-दरकदार खेळत असतील. वस्तुतः थॉमस लॉर्ड नावाचा एक खेळाडू आणि व्यावसायिक होता. त्याने १७८७ साली भाड्याच्या जागेत मैदान केले, आणि जागा सोडण्याची पाळी आली तेव्हा हिरवळ उचलून दुसरीकडे नेली. आजचे मैदान त्याचे तिसरे, १८१४ चे. घर बदलताना तुळशीवृंदावन बरोबर न्यावे, तसे त्याने मैदान बरोबर नेले. त्याचे नाव राहिले, ते योग्यच झाले.

याउलट पुण्याजवळील गहुंजे येथील स्टेडियम पाहावे. २०१२ साली त्यास एका उद्योगसमूहाच्या प्रमुखांचे नाव पैसे घेऊन देण्यात आले. करार मोडला, आणि नाव उतरले. आता ते महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे स्टेडियम म्हणून ओळखले जाते. इंग्लंड-अमेरिकेत तर असे नाव काही वर्षांच्या कराराने विकण्याचा प्रघातच पडला आहे. त्यात पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. त्या पैशातून खुर्च्या, दिवे, गवत येते. पण घरमालकाने भाडेकरूची पाटी दारावर लावावी, तितकेच त्याचे मोल. त्यास स्मारक म्हणू नये.

दिल्लीत आणखी निराळा प्रकार झाला. चौदाव्या शतकातील सुलतानाच्या कोटावरून ज्या मैदानास फिरोजशाह कोटला म्हणत, तेथील स्टेडियमला २०१९ साली अरुण जेटली यांचे नाव दिले गेले. ते तेथील क्रिकेट संघटनेचे अनेक वर्षे अध्यक्ष होते. पुढील वर्षी तेथे त्यांचा पुतळा बसणार असे कळल्यावर बिशनसिंग बेदी यांनी, खेळाच्या मैदानात मान खेळाडूंचा असावा असे बजावून, तेथील प्रेक्षागारास दिलेले आपले स्वतःचे नाव काढून टाकण्याची मागणी केली. इतरांच्या नावास हरकत घेणारे पुष्कळ असतात; स्वतःचे नाव पुसा म्हणणारा विरळा. बेदी आता हयात नाहीत. त्यांचे म्हणणे आम्हांस सर्वस्वी मान्य नसले (वानखेड्यांच्या बाबतीत आम्ही वर निराळे मत दिलेच आहे), तरी त्यांच्या त्या पत्राचा आम्हांस आदर वाटतो.

आमची मायबोली कोकणी. तेव्हा गोव्याचे एक उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. मडगाव येथे १९८९ साली बांधलेल्या फुटबॉलच्या मोठ्या स्टेडियमचे अधिकृत नाव जवाहरलाल नेहरू स्टेडियम. परंतु 'नेहरू स्टेडियमावर मॅच आहे' असे म्हणणारा गोवेकर आम्ही आजवर पाहिला नाही. तो म्हणतो, 'फातोर्ड्याक मॅच आसा.' पंडितजींविषयी अनादर म्हणून नव्हे. दिल्ली, चेन्नई, कोची, शिलाँग, पुणे, इंदूर, जेथे जावे तेथे एक नेहरू स्टेडियम आहेच. मग कोणते, हे सांगण्यासाठी गावाचे नाव घ्यावेच लागते, आणि एकदा गावाचे नाव घेतल्यावर दुसऱ्याची गरज उरत नाही. एकच नाव पन्नास ठिकाणी दिले, की ते नाव राहत नाही. ब्राझीलमध्येही असेच झाले आहे. रिओ शहरातील ज्या स्टेडियमला सारे जग माराकाना म्हणते, त्याचे अधिकृत नाव मारिओ फिल्यो या पत्रकाराचे आहे. स्टेडियम व्हावे म्हणून त्याने लेखणी झिजविली होती. २०२१ साली ते बदलून पेले यांचे नाव देण्याचा ठराव तेथील विधिमंडळाने केला. पेले यांच्याहून मोठा फुटबॉलपटू त्या देशाने पाहिला नाही, तरीही लोकांनी विरोध केला आणि गव्हर्नरांनी ठराव नाकारला. लोक जुन्याच नावास चिकटून राहिले.

लोकांच्या जिभेवरचे नाव किती चिवट असते, हे ग्वाल्हेरकरांस सांगावयास नको. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली येथे छावणी दिली. फौज गेली, संस्थान गेले, पण शहराच्या त्या भागास अद्याप लष्करच म्हणतात. कंपू हे नावही त्याच जातीचे. शिंदे की छावनी, पाटणकर बाजार, फालका बाजार या नावांचा उच्चार आपण दिवसातून दहादा करतो. टेम्पोवाला 'पाटणकर, पाटणकर' म्हणून ओरडतो, आणि पाटणकर कोण होते याचा विचार तोही करीत नाही, आपणही करीत नाही. दक्षिणेतून आपले पूर्वज ज्या सरदारांच्या मागून येथे आले, त्यांची नावे बाजारांच्या रूपाने उरली, माणसे गेली. तेव्हा नाव टिकणे आणि आठवण टिकणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. रूपसिंहांच्या बाबतीत पहिली झाली, दुसरी झाली नाही.

मग आठवण टिकते तरी कशाने? याचेही उत्तर याच शहरात आहे. हजिऱ्यास तानसेनाची समाधी आहे. लहानशी, चौथऱ्यावरची, तिच्याहून भव्य मकबरा शेजारी गौस महंमदांचा आहे. पण दरवर्षी डिसेंबरात तेथे देशोदेशीचे गवई-बजवय्ये येतात आणि थंडीत कुडकुडत लोक ऐकतात. २०२४ साली त्या समारोहाचे शतक पुरे झाले. तानसेन कोण, हे ग्वाल्हेरच्या पाच वर्षांच्या पोरासही विचारा. तो सांगेल, की गाणारा. कारण त्याच्या नावाने तेथे गाणेच होते. उद्या त्या समाधीपाशी तानसेनाच्या नावाने कुस्त्यांचा फड भरू लागला, तर पन्नास वर्षांनी आपली नातवंडे तानसेन हा मोठा मल्ल होता असे निबंधात लिहितील, आणि त्यांस तपासणाऱ्या शिक्षकास लाल शाई वापरताना शरम वाटेल.

कुस्तीवरून खाशाबा जाधवांचे स्मरण झाले. कऱ्हाडजवळील गोळेश्वरच्या या मल्लाने १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांना जाण्यासाठी पैसे हवे होते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांस त्यांच्या हयातीत शासनाने फारसे विचारले नाही. १९८४ साली ते अपघातात गेले, आणि २००० साली मरणोत्तर अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या वेळी दिल्लीतील कुस्तीच्या आखाड्यास त्यांचे नाव देण्यात आले. उशीर झाला, पण निदान तेथे कुस्ती होते. कुस्तीगीर तेथे मांडी ठोकून उतरतो तेव्हा तो कोणाच्या अंगणात उभा आहे, हे त्यास विचारावे लागत नाही. आपल्या शहरातील शारीरिक शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेस १९५७ साली, सत्तावनच्या उठावाच्या शताब्दीच्या वर्षी, राणी लक्ष्मीबाईंचे नाव दिले गेले, तेही आम्हांस असेच समर्पक वाटते. जी स्त्री याच भूमीवर घोड्यावरून लढता लढता पडली, तिच्या नावाखाली मुले-मुली धावतात, पोहतात, कसरत करतात.

आता नव्या स्टेडियमविषयी दोन शब्द. शंकरपूर येथे श्रीमंत माधवराव सिंधिया क्रिकेट स्टेडियम उभे राहिले आहे (पाटीवर सिंधिया आहे, आपण घरी शिंदेच म्हणतो). ६ ऑक्टोबर २०२४ रोजी भारत आणि बांगलादेश यांच्यात तेथे सामना झाला, आणि चौदा वर्षांनी या शहरास आंतरराष्ट्रीय क्रिकेट पुन्हा पाहावयास मिळाले. कै. माधवराव १९९० ते १९९३ या काळात भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते, आणि या खेळाची त्यांस मनापासून आवड होती. तेव्हा त्या नावाविषयी आमची तक्रार नाही. पण नव्या स्टेडियमच्या कौतुकात जुन्याचे काय, ही चिंता आम्हांस पडली आहे. मोठे सामने तिकडे गेले. आता रूपसिंहांच्या नावाचे स्टेडियम रिकामे, दुर्लक्षित होऊन हळूहळू लग्नकार्याच्या आणि प्रदर्शनांच्या कामी येणार, की त्याचा काही चांगला उपयोग होणार? आमच्या अल्पमतीप्रमाणे याहून अनुकूल वेळ पुन्हा येणार नाही. या शहरात राज्याची महिला हॉकी अकादमी २००६ सालापासून चालू आहे. येथील मुली देशाच्या संघात खेळून आल्या आहेत. म्हणजे हॉकी ग्वाल्हेरातून गेलेली नाही, ती फक्त रूपसिंहांच्या दारातून गेली आहे. तेथे वर्षातून एक तरी हॉकीचा सामना व्हावा, आणि प्रवेशद्वारी एक साधी शिळा बसवून तीवर 'लॉस एंजलिस, ११ ऑगस्ट १९३२, १० गोल' एवढेच कोरावे. क्रिकेटवाल्यांनी यात स्वतःचा अपमान मानू नये. तेंडुलकरांच्या द्विशतकाचीही शिळा तिच्या शेजारी अवश्य असावी. दोघे एकमेकांस शोभतील.

हे झाले शहराचे. शाळेच्या मैदानाबाबत मात्र बोलण्याचा आम्हांस अधिक अधिकार आहे, कारण ते आपले आहे. विद्यार्थ्यांच्या सूचनांच्या पेटीतून ज्या चिठ्ठ्या निघाल्या, त्या आम्ही वाचल्या. छत्रपती शिवाजी महाराज, महादजी शिंदे, राणी लक्ष्मीबाई, सचिन, विराट, नीरज चोप्रा, अशी थोरामोठ्यांची मांदियाळी त्यांत होती. एका चिठ्ठीत 'गृहपाठमुक्त मैदान' असे नाव सुचविले होते. अक्षर ओळखीचे होते, पण आम्ही ते उघड करणार नाही. दुसरीकडे, एका माजी विद्यार्थ्याने कुंपणाची भिंत व छोटेसे प्रेक्षागार बांधून देण्याचे उदारपणे कबूल केले असून मैदानास आपल्या कैलासवासी वडिलांचे नाव असावे, अशी इच्छा व्यक्त केली आहे. ही इच्छा पुत्राची आहे, आणि म्हणून ती आदरणीय आहे. पावसाळ्यात तळे व उन्हाळ्यात धूळ अशा मैदानावर खेळून मुलांचे गुडघे फुटतात, हे आम्ही रोज पाहतो. पैशाची गरज नाही असे सांगण्याचा ढोंगीपणा आम्ही करणार नाही.

तरीही आमचे मत असे, की त्या गृहस्थांचे नाव त्यांच्या चिरंजीवांनी बांधलेल्या प्रेक्षागारावर ठळक अक्षरांत कोरावे. मैदानास ते देऊ नये. शिवाजी महाराजांचेही देऊ नये, सचिनचेही देऊ नये. महाराजांच्या नावाने या देशात काय थोड्या वास्तू आहेत, की आपल्या अर्ध्या एकराची भर पडावी? त्यांचे नाव आपण रोज घेतो ते इतिहासाच्या तासास घ्यावे, नीट घ्यावे. या मैदानास नाव आहेच. तीन पिढ्यांची मुले त्यास 'इमलीवाला मैदान' म्हणत आली आहेत, घरी आजी-आजोबांशी बोलताना तेच 'चिंचेचे मैदान' होते. पूर्वेच्या कोपऱ्यातील ती चिंच कोणी लावली हे कोणास ठाऊक नाही. पण तिच्या सावलीत खो-खोचे संघ बसतात, चपला काढून ठेवतात, हरल्यावर तेथेच रुसतात. तिने नाव मागितले नव्हते. तिला ते मिळाले.

आमच्या या मतास शिक्षककक्षात विरोध झाला, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, की नाव न मिळाल्यामुळे देणगीदाराने हात आखडता घेतला तर भिंत तुम्ही बांधाल काय? या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नाही. भिंत आम्ही बांधू शकत नाही. तरी ज्यांनी ही देणगी देऊ केली आहे, ते या शाळेत शिकले, त्याच चिंचेखाली बसले. त्यांस हा लेख वाचावयास मिळेल, आणि प्रेक्षागारावरील पाटी त्यांस कमीपणाची वाटणार नाही, अशी आम्हांस आशा आहे. निर्णय व्यवस्थापक मंडळाने घ्यावयाचा आहे.

नववीच्या वर्गाने मात्र कोणाच्याही निर्णयाची वाट न पाहता एक गोष्ट ठरविली आहे. येत्या ११ ऑगस्ट रोजी चिंचेच्या मैदानावर मुलगे विरुद्ध मुली असा हॉकीचा सामना व्हावयाचा आहे. ११ ऑगस्ट म्हणजे भर पावसाळा, मैदानात गुडघाभर पाणी असेल, असे आम्ही सुचवून पाहिले; पण रूपसिंहांची तारीख बदलता येत नाही, असे उत्तर मिळाले. मागील बाकावरील त्या मुलीची थोरली बहीण शिकवावयास येणार आहे. क्रीडासाहित्याच्या खोलीत शोध घेता सात स्टिका सापडल्या, त्यांपैकी तीन तडकलेल्या. सामन्यास बावीस लागतात. उरलेल्या अठरांच्या मागणीचा अर्ज क्रीडाशिक्षकांच्या सहीने मुख्याध्यापकांच्या टेबलावर गेला असून, तो मंजूर होईपर्यंत मुलांनी बाभळीच्या वाकड्या फांद्यांवर सराव सुरू केला आहे.